चित्राखालच्या चार ओळी

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात झाँ-सिमेआँ शार्दाँ (१६९९–१७७९) याचे ‘ला पुर्व्हायोझ’, म्हणजे बाजारहाट करून परतलेली स्त्री, हे १७३९ सालचे चित्र आहे. याच विषयाच्या आदल्या वर्षीच्या दोन आवृत्ती बर्लिन व ओटावा येथे आहेत. एक मोलकरीण स्वयंपाकघरात येऊन फडताळाला टेकली आहे. पाव फडताळावर आहेत, जड पिशवी अजून हातात आहे. जमिनीवर बाटल्या, पलीकडच्या खोलीत तांब्याची पाण्याची टाकी आणि दाराशी कुणाशी तरी बोलणारी एक मुलगी. घडत असे काहीच नाही.

१७४२ साली लेपिसिए याने या चित्राचे उत्कीर्णन केले आणि त्याखाली चार ओळींचे पद्य छापले. तुझ्या रूपावरून दिसते की कपड्यांसाठी लागणारा पैसा तू घरखर्चातूनच काढतेस, असा त्यांचा आशय. लेपिसिए हा सामान्य कारागीर नव्हे. तो राजकीय चित्रकला अकादमीचा सचिव होता. त्या अकादमीत इतिहासचित्राचे स्थान सर्वोच्च मानले जाई, आणि शार्दाँला १७२८ साली प्रवेश मिळाला तो प्राणी व फळे यांचा चित्रकार म्हणून. सामान्य विषयाला प्रतिष्ठा हवी, तर त्याला कथा अथवा तात्पर्य जोडावे, हीच या पद्यामागील वृत्ती असावी.

परंतु या आरोपाला चित्रात आधार कोणता? स्त्रीचा पोशाख नीटनेटका आहे, दाराशी काही बोलणे चालले आहे. एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. तिची नजर प्रेक्षकाकडे नाही. ती आपली बाजूही मांडत नाही. चित्रकाराने तिच्या मनाचा ठाव घेतलेला नाही. घेतला आहे तो तिच्या अंगावरील भाराचा. फडताळाशी विसावलेले शरीर आणि अद्याप न सुटलेली पिशवी यांच्यातील ताण हाच या चित्राचा आशय होय. तो केवळ रचनेचा गुण नाही, मानवी श्रमाचा अनुभव आहे.

लूव्रने हे चित्र १८६७ साली विकत घेतले. झोलाची ‘तेरेझ राकाँ’ पुस्तकरूपाने आली ती त्याच वर्षी. साहित्यातील निसर्गवादाने माणसाच्या कृतीमागे प्रकृती व परिस्थिती यांची कारणपरंपरा शोधली. शार्दाँची निसर्गनिष्ठा याहून वेगळी आहे. ती कारण सांगत नाही, म्हणून निवाडाही करीत नाही. जे दिसते त्याला पुरेसा वेळ देणे, एवढेच ती करते.

लेपिसिएची चूक त्याच्यापुरती नाही. मुक्या चित्राला बोलके करण्याच्या उत्साहात समीक्षा पुष्कळदा आपलेच वाक्य त्याच्या तोंडी घालते. आणि चित्रातील व्यक्ती मोलकरीण असली, म्हणजे ते वाक्य सहज आरोपाचे होते. कलाकृतीखाली ओळ लिहिण्यापूर्वी ती कलाकृतीत आहे काय, हे पाहणे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.