पशुचिकित्सेतील रेकी : एका युक्तिवादाची परीक्षा

जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास प्रवर्तित केलेली रेकी ही उपचारपद्धती श्रीमती हवायो ताकाता यांच्याद्वारा चौथ्या दशकाच्या अखेरीस हवाई बेटांत पोहोचली व तेथून पाश्चात्त्य जगात पसरली. कालांतराने तिचा प्रयोग पशूंवरही होऊ लागला आणि फुल्टन व प्रसाद यांच्या ‘ॲनिमल रेकी’ (२००६) सारखे स्वतंत्र वाङ्मय त्यावर निर्माण झाले.

या पक्षाचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद असा : मनुष्याला श्रद्धेमुळेही बरे वाटू शकते, परंतु कुत्र्याला वा घोड्याला रेकी म्हणजे काय हेच ठाऊक नसल्याने, त्याला पडलेला आराम हा श्रद्धेचा परिणाम असू शकत नाही. युक्तिवाद वरवर निर्दोष दिसतो. पण पशूला आराम पडला हे सांगतो कोण? पशू नव्हे, त्याचा पालक. श्रद्धा रोग्याच्या ठायी नसली तरी साक्षीदाराच्या ठायी असतेच. आणि रोगी मुका असल्याने साक्षीदाराचे म्हणणे खोडून काढणारा कोणी उरत नाही. कॉन्झेमियस व इव्हान्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संधिवाताने लंगडणाऱ्या व केवळ निष्क्रिय औषध दिलेल्या ५८ कुत्र्यांची पाहणी आहे. बलमापक यंत्र सुधारणा दाखवीत नसतानाही ती अनेक मालकांना, इतकेच नव्हे तर पशुवैद्यांनाही, दिसली.

प्रयोगशाळेतील पुरावाही तोकडाच आहे. बाल्डविन, वेजर्स व श्वार्ट्झ यांच्या २००८ मधील प्रयोगात ९० डेसिबलचा गोंगाट ऐकविलेल्या उंदरांच्या हृदयस्पंदनांचा वेग रेकीने उतरला, लटक्या रेकीने उतरला नाही. रक्तदाबात मात्र फरक पडला नाही. परंतु उंदीर अवघे तीन होते. आणि आपण खरी रेकी देत आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असल्यावर त्याचे बसणे, श्वसन व हालचाल ही सर्वस्वी समान राहिली असे मानण्यास आधार नाही.

तथापि या संप्रदायाचा एक नियम आदरणीय आहे : पशूवर सक्ती करू नये, जवळ येणे वा दूर जाणे त्याच्या इच्छेवर सोडावे. भेदरलेल्या प्राण्याजवळ कोणी स्वस्थ बसले तर तो शांत होऊ शकतो. मात्र या गुणाचे श्रेय संयमाला आहे. त्यासाठी अदृश्य शक्तीची उपपत्ती अनावश्यक ठरते.

खरा प्रश्न ‘पूरक’ या शब्दाचा आहे. मूळ चिकित्सा चालू असेल तरच पूरकाला अर्थ. मांजर, ससा यांसारखे प्राणी वेदना लपवितात. त्यांचे निश्चल पडून राहणे हे स्वास्थ्याचे लक्षण असेल, तसेच व्याधी बळावल्याचेही असेल. या दोहोंतील भेद निदानानेच कळतो. तो न करता शांततेलाच आरोग्य समजण्यात पालकाचे समाधान होते. किंमत मात्र पशूला मोजावी लागते.