वजन न लिहिलेली हासळी

"अरे, हे तुमच्याकडचंच ना?" ऑफिसातल्या मित्रानं हाक मारली, तेव्हा मी कुर्त्यांच्या रॅकमागे एसीचा वारा खात उभा होतो. उत्तर गोव्यातलं एक जुनं पोर्तुगीज घर, त्यात बुटीक, मागच्या अंगणात कॅफे. आमच्या ग्रुपचा नियम असा की फिरायला गेलं की मॉलमध्ये शिरायचं नाही, छोट्या स्वतंत्र दुकानांतूनच काहीतरी घ्यायचं. नियम मला पटतो. चारशे रुपयांचं मातीचं भांडं घेताना आपण कुणा खऱ्या माणसाला पैसे दिले असं वाटतं.

काचेच्या पेटीत काळ्या मखमलीवर एक हासळी ठेवलेली होती. हासळी म्हणजे गळ्यात घालायचं चांदीचं जाड कडं, पुढे जाड आणि मागे निमुळतं होत गेलेलं. शहादा-धडगाव पट्ट्यात पावरा आणि भिल्ल बायकांच्या गळ्यात ती मी लहानपणापासून पाहत आलोय. शेजारी जाड हातकागदाची चिठ्ठी होती, अर्थात इंग्रजीत. विंटेज ट्रायबल टॉर्क. भिल, सेंट्रल इंडिया. कारागीर अनामिक. प्रत्येक ओरखडा एक गोष्ट सांगतो. किंमत ७८,००० रुपये.

हा लेख त्या चिठ्ठीबद्दल आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुराची आपण टिंगल करतो, सिनेमाच्या ट्रेलरवर तासभर बोलतो, पण प्रवासात वस्तू विकत घेताना जो मजकूर वाचून आपण कार्ड पुढे करतो त्याची समीक्षा कुणी करत नाही. वास्तविक आपण विकत घेतो ते बऱ्याचदा तो मजकूरच.

टॉर्कपासून सुरू करू. टॉर्क म्हटलं की इंजिनिअरच्या डोक्यात पान्यानं नट आवळणारा हात येतो. हा टॉर्क मात्र युरोपातल्या लोहयुगातल्या केल्टिक लोकांच्या गळ्यातल्या कड्यांसाठी वापरतात. म्हणजे एका शब्दात धडगावच्या बाईला दोन हजार वर्षं मागे आणि काही हजार किलोमीटर पश्चिमेला पाठवलं. मग 'सेंट्रल इंडिया'. तापी-नर्मदेच्या मधला सातपुडा, झाबुआ, अलिराजपूर, बस्तर, सगळं त्यात मावतं. २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. बारा आकडे, बोटांचे ठसे, डोळ्यांचे फोटो. माणसाची इतकी काटेकोर नोंद जिथून सुरू झाली, तिथल्या वस्तूच्या चिठ्ठीवर गावाचं नाव सोडा, जिल्ह्याचंही नाही. (डेटाबेसमध्ये असा रेकॉर्ड आला तर आम्ही तो आत घेत नाही.)

आणि त्या चिठ्ठीत सगळं होतं, वजन नव्हतं.

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, किती ग्रॅम? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेंटिंगचं क्षेत्रफळ विचारलंय. तरी बिचारीनं कॅफेतला कॉफी मोजायचा काटा आणला. ३८० ग्रॅम. त्या आठवड्यात चांदी किलोला लाखाच्या आसपास होती. हासळी अगदी शुद्ध आहे असं धरलं तरी चांदीचे साधारण ३८,०००. उरलेले ४०,००० गोष्टीचे.

गोष्टीला पैसे पडू नयेत असं माझं म्हणणं नाही. दुकानाला भाडं आहे, त्या मुलीला पगार आहे. पण ४०,००० घेणारी गोष्ट निदान खरी असावी. हासळी हातात घेतल्यावर आतल्या बाजूला बारीक ठसा दिसला, झिजलेली दोन अक्षरं. तो सोनाराच्या दुकानाचा शिक्का. आमच्याकडे आदिवासी बायकांचे दागिने पिढ्यानपिढ्या तालुक्याच्या गावातले सोनार घडवत आलेत. घाट कसा हवा, जाडी किती, नक्षी कुठे थांबवायची हे बाई सांगते. सोनार तिच्या सांगण्यावरून घडवतो आणि स्वतःचा शिक्का मारतो. 'आदिवासी कारागिरानं जंगलात बसून घडवलेला दागिना' हे चित्र ज्याला हवंय त्याला हा शिक्का अडचणीचा. मग सही असलेली वस्तू 'अनामिक' होते. आणि जिचा खरा वाटा होता, म्हणजे घाट ठरवणारी बाई, ती चिठ्ठीत आधीही नव्हती.

दुसरी खूण बाहेरच्या बाजूला होती. पाठीमागच्या टोकाजवळ एक सरळ, खोल काप. चिठ्ठीतला 'गोष्ट सांगणारा ओरखडा' तो हाच असावा. मी फोटो काढला आणि गप्प बसलो, कारण हा काप मी ओळखत होतो.

ती ओळख सांगायची तर नंदुरबारला जावं लागेल.

मित्र मला नेहमी विचारतात, तुमच्याकडे काय घ्यायचं रे? तोरणमाळला नेलं तर परतताना त्यांना एखादं छानसं क्राफ्ट स्टोअर हवं असतं. नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात दर शंभर माणसांत ६९ आदिवासी, आणि 'ट्रायबल' लिहिलेलं बुटीक मी तिथे एकही पाहिलेलं नाही. कारण सोपं आहे: ज्यांच्यासाठी वस्तू बनतात ते तिथेच राहतात आणि त्या आठवडी बाजारात मिळतात. सूप, टोपली, कोंबड्या झाकायचं डालगं, घुंगरू, विळा. नवापूरच्या बाजूला बांबूकाम करणारे कोटवालिया आहेत. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. कोटवालिया गुजरातच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गट आहेत, महाराष्ट्राच्या तशा यादीत नाहीत. म्हणजे टोपली तीच, आणि विणणारा प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला राहतो त्यावर त्याचं सरकारदरबारी वर्णन बदलतं. चिठ्ठ्या फक्त बुटीकवालेच लिहितात असं नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात हेच बाजार भोंगऱ्या होतात. मध्य प्रदेशात त्याला भगोरिया म्हणतात. यावरचे ट्रॅव्हल व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील: 'प्रेमाचा बाजार', 'इथे मुलं-मुली पळून जातात'. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगतायत की हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. पण खजूर, फुटाणे, गूळ आणि साखरेचे हार यांना व्ह्यूज मिळत नाहीत. मी धडगावचा भोंगऱ्या शाळेत असताना पाहिला आणि गेल्या होळीला पुन्हा गेलो. ढोल, धूळ, नव्या कपड्यांचे गठ्ठे, आणि बायकांच्या अंगावर लखलखीत चांदी.

लखलखीत म्हणतोय ते मुद्दाम. गोव्यातली हासळी काळी होती. शहरातल्या गिऱ्हाइकाला काळी चांदी म्हणजे जुनी, म्हणजे खरी. ऑनलाइन 'ऑक्सिडाइज्ड ज्वेलरी' म्हणून जे विकलं जातं ते तर मुद्दाम काळं केलेलं असतं (तेही ऑक्सिजननं नव्हे, गंधकाच्या संयुगांनी, पण 'सल्फाइडाइज्ड झुमके' कोण घेणार). त्यातलं बरंच जर्मन सिल्व्हर असतं, तांबं-जस्त-निकेल, चांदी शून्य. धडगावच्या बाजारात बाई निघायच्या आधी दागिना रिठ्यानं घासून पांढरा करते. काळा दागिना म्हणजे घरात पडून राहिलेला, नाहीतर दुसऱ्याच्या घरात पडून राहिलेला.

दुसऱ्याच्या घरात, म्हणजे गहाण. हे कळलं की भोंगऱ्यातली चांदी वेगळी दिसायला लागते. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, तेव्हा हासळी गळ्यातून उतरते. बियाणं येतं, दवाखाना होतो. दिवाळीनंतर जिल्ह्यातली हजारो कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात; यान ब्रेमन या डच अभ्यासकानं आयुष्याची कितीतरी वर्षं त्या मजुरांवर लिहिण्यात घालवली. होळीला माणसं गावाकडे येतात आणि जमलं तर हासळी सुटते. म्हणून होळीच्या आधी बाजारात कुणाच्या गळ्यात काय आहे आणि कुणाचा गळा रिकामा आहे, हे बायका एकमेकींकडे बघून वाचतात. कॅमेरावाल्यांना ती 'पारंपरिक वेशभूषा' दिसते. मला वाटतं, तो त्या घराचा वर्षाचा ताळेबंद आहे.

आता काप. माझ्या आजोबांचं शहादा तालुक्यात किराणा-कापडाचं दुकान होतं. सावकारीचं लायसन नव्हतं. आमच्या घरात त्याला सावकारी म्हणतही नसत, गिरवी म्हणत. चांदीचा दागिना आला की आजोबा कानशीनं टोकाजवळ एक खाच पाडायचे. आत तांबं किंवा शिसं भरलंय का, हे बघायला. मग तागडी, मग वही, मग पत्र्याची पेटी. ती कानस अजून घरात आहे. बाबा तिनं विळ्याला धार लावतात.

१९७५ साली महाराष्ट्रानं कर्जमुक्तीचा कायदा केला. छोटे शेतकरी, मजूर यांची सावकारी कर्जं रद्द झाली आणि गहाण वस्तू परत करायच्या होत्या. सावकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९७७मध्ये कोर्टानं कायदा योग्य ठरवला. त्याच्या काही वर्षं आधीपासून शहाद्यात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची चळवळ उभी राहिली होती, १९७२मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली होती. आमच्या घरातली कथा अशी की आजोबांनी पेटी उघडली आणि एकेकाला बोलावून सगळं परत केलं. मी कॉलेजात असताना ही कथा अभिमानानं सांगितली, तेव्हा आजी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "सगळं नाही रे." आणखी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. हा न विचारलेला प्रश्न गोव्यातल्या काचेच्या पेटीसमोर आठवला.

ती हासळी आमच्या पेटीतली होती असं मी म्हणत नाही. असे काप पाडणारे शेकडो होते, तिन्ही राज्यांत. पण 'विंटेज ट्रायबल' नावाखाली जी जुनी चांदी फिरते ती बाजारात आली कशी, हा प्रश्न त्या मजकुरात कधीच नसतो. कुणीतरी बाई गोव्याच्या डीलरला हौसेनं हासळी विकायला गेली नव्हती. सुटली नाही म्हणून ती आली.

होळीच्या त्या फेरीत शहाद्याच्या एका सोनारकाकांना फोटो दाखवला. त्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. "कोना पोऱ्या शे तू?" आजोबांचं नाव सांगितलं. मग चष्मा वर करून फोटो मोठा केला. शिक्का ओळखू आला नाही, काप लगेच ओळखला. "गहाण पडेल शे," म्हणाले. मी माझं सगळं म्हणणं त्यांना ऐकवलं: बुटीक, चिठ्ठी, ४०,०००. त्यांना फारसा धक्का बसला नाही. म्हणाले, जुनी हासळी माझ्याकडे आली की मी आटवतो. बायकाच सांगतात, काका, जड होते, हलकी करून द्या, उरलेल्यात पोरीला पैंजण करा. असा घाट आता कुणी मागत नाही. "त्या तुझ्या गोव्यावाल्यानं निदान ठेवली तरी."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. बुटीकनं हासळीचा आकार वाचवला आणि बाई पुसली. सोनारकाका आकार मोडतात, पण चांदी त्या घरातच राहते, मुलीच्या पायात. मला वस्तू बघायला आवडतात, म्हणून माझं मन पहिल्या बाजूला ओढतं. ज्यांची चांदी आहे त्या दुसरी बाजू निवडतात. तरीही चिठ्ठीबद्दलचं म्हणणं मी मागे घेत नाही. वजन लिहा. शिक्का आहे असं लिहा. कुठल्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून घेतली ते लिहा, ते बुटीकला नक्की माहीत असतं. काप आहे आणि तो बहुधा गहाणाचा आहे, हेही लिहा. मग ७८,००० मागा, घेणारा घेईल. गोव्याहून परतल्यावर मी हे बुटीकला मेलनं कळवलं. दोन दिवसांत नम्र उत्तर आलं की आमच्या सूचना टीमपर्यंत पोहोचवल्या आहेत. ही भाषाही मला ओळखीची आहे, तसली उत्तरं मी रोज लिहितो.

धडगावच्या बाजारातून मी एक सूप घेतलं. विणीवर रंगीत पट्टी असलेलं, दिसायला सगळ्यात देखणं. शंभर मागितले, शंभर दिले; घासाघीस करायची लाज वाटली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं ते माझ्या हातातून सरळ काढून घेतलं, उन्हासमोर धरलं, कडेला अंगठा दाबला आणि विकणारीला पावरीत काहीतरी सुनावलं. विकणारी हसली. मग त्या बाईनं ढिगातलं खालचं, बिनपट्टीचं सूप ओढून काढलं, दोनदा झटकून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "हे ने, दादा. त्याच्यातून दाणा पडेल." विकणारीनं वीस रुपये परत केले.