रुग्णवृत्तांताची साक्ष : फ्रान्झ फॅननच्या एका प्रकरणाचा विचार

फ्रान्झ फॅनन याचा 'ले दाम्ने द ला तेर' हा ग्रंथ १९६१ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ग्रंथकर्त्याचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. तेव्हापासून या ग्रंथाची चर्चा बहुधा दोनच ठिकाणी घुटमळत राहिली आहे. एक, हिंसेवरील पहिले प्रकरण. दुसरे, ज्याँ-पॉल सार्त्र याने लिहिलेली जळजळीत प्रस्तावना. वसाहती युद्ध आणि मनोविकार यांविषयीचे पाचवे प्रकरण मात्र परिशिष्टासारखे वाचले जाते, किंबहुना पुष्कळदा वाचलेच जात नाही. वस्तुतः फॅननचा व्यवसाय मनोविकारचिकित्सकाचा होता, आणि ज्या एका प्रकरणात तो आपल्या व्यवसायाच्या भाषेत बोलतो ते हेच होय. वंशद्वेषाने झालेल्या मनोघाताच्या बाबतीत मानसशास्त्र मानवी हक्कांच्या कार्याला कोणते साह्य देऊ शकते, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रकरणातील वक्त्यापेक्षा पाचव्या प्रकरणातील वैद्याने अधिक सचोटीने दिले आहे.

हे साह्य गृहीत धरण्याजोगे नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. अल्जीरियातील मनोविकारशास्त्र त्या काळी राज्यकर्त्यांच्याच बाजूने साक्ष देत होते. अँत्वान पोरो आणि त्याचे शिष्य यांनी अल्जीयर्सच्या विद्यापीठात असे प्रतिपादन केले होते, की उत्तर आफ्रिकेतील मुसलमान हा स्वभावतःच आवेगी असून त्याच्या वर्तनावर मेंदूच्या उच्च केंद्रांचे नियंत्रण दुर्बल असते. १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका प्रबंधात जे. सी. कॅरोथर्स याने आफ्रिकी माणसाची तुलना मेंदूच्या पुढील भागावर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीयाशी केली. पुढच्याच वर्षी त्याने केनियाच्या वसाहती सरकारसाठी माऊमाऊ बंडाचे 'मानसशास्त्र' लिहून दिले. बंड हा रोग ठरला म्हणजे बंडाच्या कारणांची चौकशी करण्याची गरज उरत नाही. फॅननने पाचव्या प्रकरणाच्या उत्तरार्धात या सिद्धांतांचा जो समाचार घेतला आहे तो तर्कदृष्ट्या भक्कम आहे; परंतु त्याचे खरे खंडन त्याने युक्तिवादाने केले नाही, ते त्याच्या रुग्णालयातील कामात झाले होते.

१९५३ च्या अखेरीस फॅनन ब्लिदा-जॉइनव्हिल येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. तत्पूर्वी फ्रान्समधील सेंट-आल्बान येथे फ्रान्स्वा तोस्केल या कातालान निर्वासिताच्या हाताखाली त्याने शिक्षण घेतले होते. रुग्णाला बरे करावयाचे तर आधी रुग्णालयावरच उपचार केले पाहिजेत, हे त्या संप्रदायाचे सूत्र होते. ब्लिदा येथे फॅननच्या विभागात १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुसलमान पुरुष होते. सभा, नियतकालिक, चित्रपट, गायन, हस्तव्यवसाय अशा सामुदायिक उपक्रमांनी स्त्रियांचा कक्ष थोड्याच काळात बदलला. पुरुषांचा कक्ष मात्र जसाच्या तसा राहिला. कोणी सभेला येईना, कोणी गाईना, वेताच्या टोपल्या विणण्यास तर कोणीच हात लावीना.

पोरोच्या शिष्याला येथे आपल्या सिद्धांताचा पुरावा सापडला असता. फॅनन आणि त्याचा सहकारी जाक अझुले यांनी १९५४ साली लिहिलेल्या निबंधात हे अपयश स्वतःच्या माथी घेतले. टोपल्या विणणे हे त्या समाजात बायकांचे काम. चारचौघांत गाणे हे धंदेवाईक गायकांचे. कथा सांगणे हे गावोगाव फिरणाऱ्या कथेकऱ्याचे. आणि बहुसंख्य रुग्ण निरक्षर असल्यामुळे नियतकालिकाचा उपयोग शून्य. शिवाय डॉक्टर दुभाष्यामार्फत बोलू लागला की रुग्णाला दवाखाना न आठवता कचेरी आणि न्यायालय आठवे, कारण सरकारशी त्याचा संबंध दुभाष्यामार्फतच येत असे. मग रुग्णालयात मूरी पद्धतीचे कॉफीगृह उघडले गेले, मुसलमानी सण साजरे होऊ लागले, कथेकरी बोलावला गेला, आणि कक्षात हालचाल दिसू लागली. या साध्या वृत्तांताचे मोल मोठे आहे. ज्या मौनाला रोगलक्षण समजले जात होते ते वस्तुतः नकार होते, हे येथे प्रयोगाने दिसून आले.

तथापि ब्लिदाचा वृत्तांत आशेचा आहे आणि पाचवे प्रकरण तसे नाही. मधल्या काळात, नोव्हेंबर १९५४ मध्ये, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले होते. या प्रकरणातील एका प्रसंगावर थांबून विचार करणे आवश्यक आहे. एक तरुण युरोपीय पोलीस फॅननकडे उपचारासाठी येतो. छळाच्या वेळी ऐकलेल्या किंकाळ्या त्याला घरी, रात्रीच्या वेळी ऐकू येतात. तो खिडक्या बंद करून घेतो, तरी त्या थांबत नाहीत. एके दिवशी रुग्णालयाच्या आवारात त्याची गाठ अशा एका अल्जीरियन रुग्णाशी पडते, ज्याचा छळ त्याने स्वतः केला होता. पोलीस भयाने घामाघूम होतो. इकडे तो अल्जीरियन नाहीसा होतो. शोध घेता तो शौचकूपात आत्महत्येच्या प्रयत्नात सापडतो, कारण पोलीस आपल्याला परत न्यायला आले आहेत अशी त्याची खात्री झालेली असते. त्याला शांत करण्यासाठी रुग्णालयातील मंडळी पुष्कळ वेळ एकच गोष्ट समजावून सांगतात : तुला भास झाला, येथे पोलीस येऊच शकत नाहीत.

परंतु पोलीस खरोखरच आला होता. रुग्णाची दृष्टी अचूक होती आणि त्याला बरे करण्यासाठी त्याच्या अचूक दृष्टीलाच आजार ठरवावे लागले. फॅनन हा प्रसंग कोणत्याही टिप्पणीवाचून नोंदवतो, आणि ही निःशब्दता कोणत्याही घोषणेहून अधिक बोलकी आहे. जेथे छळ करणारा आणि छळ सोसणारा एकाच दारातून दवाखान्यात येतात, तेथे उपचार असत्यावर उभा राहतो. १९५६ च्या अखेरीस निवासी मंत्री रोबेर लाकोस्त याला पाठविलेल्या राजीनाम्यात फॅननने लिहिलेला आशय हाच आहे : माणसाला त्याच्या परिसरात परका राहू न देणे हे मनोविकारशास्त्राचे काम असेल, तर आपल्याच देशात कायमचा परका केलेल्या अरबाच्या बाबतीत ते अशक्य होय. जानेवारी १९५७ मध्ये त्याला अल्जीरियातून हद्दपार करण्यात आले. पुढे ट्यूनिस येथे त्याने रुग्णाला कुटुंबापासून न तोडता दिवसा उपचार करणारा विभाग चालविला.

त्याच मालिकेतील दुसरा एक पोलीस अधिकारी घरी बायकोला आणि तान्ह्या मुलाला मारहाण करू लागला म्हणून येतो. नोकरी सोडण्याची त्याची तयारी नाही. मन शांत ठेवून छळाचे काम करता यावे, एवढेच साह्य त्याला हवे आहे. मानसशास्त्राकडून सत्तेची जी अपेक्षा असते ती इतक्या भाबडेपणाने अन्यत्र क्वचितच उच्चारली गेली असेल.

येथे एक अडचणीचा मुद्दा उपस्थित होतो, आणि फॅननच्या चाहत्यांनी तो टाळलेला दिसतो. पहिल्या प्रकरणात फॅनन असे म्हणतो, की हिंसा वसाहतीतील व्यक्तीला न्यूनगंडातून मुक्त करते, तिला शुद्ध करते. पाचवे प्रकरण याला दुजोरा देत नाही. स्वतंत्र झालेल्या एका देशातील कार्यकर्त्याने बाँब ठेवला होता व त्यात दहा माणसे मेली होती. दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास त्याची झोप उडते आणि जीव देण्याचे विचार त्याच्या मनात येतात. आईची हत्या झालेला एकोणीस वर्षांचा सैनिक, आपण मारलेल्या वसाहतवासी स्त्रीच्या छायेने पछाडला जातो. तेरा आणि चौदा वर्षांची दोन अल्जीरियन मुले आपल्या युरोपीय सवंगड्याला ठार करतात. त्यांच्या उत्तरांत मुक्तीचा लवलेश नाही. वक्ता जे सांगतो ते वैद्याच्या टिपणवहीत आढळत नाही. ही विसंगती ग्रंथाचा दोष मानता येईल; परंतु गैरसोयीची रुग्णवृत्ते न गाळता फॅननने ती छापली, हेही विसरता येत नाही. सार्त्रच्या प्रस्तावनेला ही वृत्ते पचलेली नाहीत.

फॅननच्या पद्धतीचे वेगळेपण अमेरिकेतील एका समकालीन उदाहरणाशेजारी ठेवल्यास स्पष्ट होते. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व सावळ्या बाहुल्या ठेवल्या. सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली पसंत केली. शाळांतील वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यांत ही साक्ष उपयोगी पडली, आणि १७ मे १९५४ च्या निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत क्लार्कच्या अहवालाचा निर्देश झाला. निकाल न्याय्यच होता. परंतु त्याचा जो भाग मुलांच्या मनावरील जखमेवर टेकला होता तो डळमळीत होता. विभाजन नसलेल्या उत्तरेतील मुलांमध्ये गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेतील मुलांपेक्षा अधिकच आढळली होती, आणि प्रतिपक्षाच्या वकिलाने ते दाखवून दिले. क्लार्कपाशी त्याचे उत्तर होते. पण प्रश्न उत्तराने मिटणारा नाही. एखादे मूल सावळी बाहुली उचलून आनंदाने खेळू लागले असते, तर त्याला समान शाळेचा हक्क उरला नसता काय? हक्काला जखमेचा पुरावा मागितला, की धैर्याने उभा राहिलेला माणूस आपली बाजू गमावतो. छळाच्या वैद्यकीय तपासाविषयी १९९९ साली तयार झालेल्या इस्तंबूल संहितेने मानसिक लक्षणे न आढळणे म्हणजे छळ न होणे नव्हे, असे स्पष्ट नमूद केले, ते या अनुभवाशी सुसंगत आहे.

मराठी अभ्यासकाला हा विषय सर्वस्वी परका नाही. ज्या ब्लॅक पँथरच्या संस्थापकांनी फॅनन वाचला होता, त्या संघटनेच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. अर्थात जात म्हणजे वंश नव्हे, डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध भाषणातच जातीचा वांशिक आधार फेटाळला होता. म्हणून फॅननची परिभाषा उचलून येथे चिकटविणे अनुचित ठरेल. त्याच्या वृत्तांची मांडणी मात्र विचारात घेण्याजोगी आहे. दया पवार यांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढे आलेल्या आत्मकथनांची समीक्षा बहुतांशी अनुभवाच्या दाहकतेचे माप घेत राहिली. जणू जखम जितकी खोल तितकी कृती श्रेष्ठ. 'बलुतं'च्या प्रारंभीच सुशिक्षित लेखक आणि त्याच्या आतला दगडू हे समोरासमोर येतात, आणि एकाने दुसऱ्याला लपवून ठेवण्याची किंमत हा त्या ग्रंथाचा एक खरा विषय आहे. फॅननने छळणारा आणि छळलेला या दोघांची वृत्ते एकाच मालिकेत लागोपाठ क्रमांकांनी छापली होती. 'बलुतं'वरील समीक्षेत दगडूचे दुःख पानोपानी तपासले गेले. त्याला दूर उभे करणाऱ्या गावाचे रुग्णवृत्त मात्र अद्याप फारसे लिहिले गेलेले नाही.