त्रिवेणीतील अदृश्य प्रवाह : मुक्तिबोधांचे राजनांदगावचे घर आणि स्मरणाचा हंगाम

१.

लेखकाच्या राहत्या घराचे संग्रहालय होते तेव्हा दोन गोष्टी घडतात. घरातील वस्तू जतन केल्या जातात, आणि त्या वस्तूंभोवती वर्षानुवर्षे होणाऱ्या कार्यक्रमांतून लेखकाचा एक अर्थ रूढ होतो. पहिल्या गोष्टीची नोंद संग्रहालयशास्त्र घेते. दुसरीची साहित्यसमीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही. वस्तुतः जयंती-पुण्यतिथीची व्याख्याने, काव्यवाचने, नाट्यप्रयोग हे सारे अभिग्रहणाचेच प्रकार होत. कोणता लेखक, कोणत्या भाषेचा म्हणून, कोणाच्या शेजारी बसवून स्मरायचा, याचा निर्णय त्यांत अनुस्यूत असतो. रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव येथे असलेले गजानन माधव मुक्तिबोध यांचे घर हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण आहे.

मुक्तिबोध (१९१७–१९६४) १९५८ साली दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून राजनांदगावी आले. हे महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या राजवाड्यात, राणीसागर व बूढासागर या तलावांच्या सान्निध्यात वसलेले आहे. त्याच परिसरात मुक्तिबोधांचे वास्तव्य होते. पुढे या घराचे स्मारक झाले. मुक्तिबोधांसह पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या तिघांचे ते स्मारक असल्याने त्यास ‘त्रिवेणी’ हे नाव मिळाले.

येथील स्मरणाचा स्वाभाविक हंगाम ११ सप्टेंबर ही पुण्यतिथी आणि १३ नोव्हेंबर ही जयंती यांच्या दरम्यानचा. याच दोन महिन्यांत १४ सप्टेंबरचा हिंदी दिवस येतो आणि १ नोव्हेंबरचा छत्तीसगढ राज्यस्थापना दिनही. म्हणजे कवीच्या स्मरणाच्या एका बाजूला राजभाषा उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला राज्यसंस्था. पंचांगातील हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु सार्वजनिक कार्यक्रम पंचांगावरच आखले जातात, म्हणून त्याचा विचार करणे प्राप्त आहे.

२.

‘त्रिवेणी’ या रूपकाचा अर्थ संगम असा आहे. तीन प्रवाह एकत्र येतात आणि त्यांतील भेद मिटतो, असे ते सुचवते. येथे स्मरण केल्या जाणाऱ्या तिघांच्या बाबतीत हे कितपत खरे आहे? बख्शी हे ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक आणि ललितनिबंधकार. मिश्र हे ‘तुलसी दर्शन’ या ग्रंथाचे कर्ते, तुलसीसाहित्याचे श्रद्धावान अभ्यासक. मुक्तिबोधांनी मात्र १९५५ च्या सुमारास मध्ययुगीन भक्तिआंदोलनावर लिहिलेल्या निबंधात तुलसीदासांच्या सगुण रामभक्तीकडे निर्गुण संतांच्या बंडाला वर्णव्यवस्थेच्या चौकटीत परत आणणारी शक्ती म्हणून पाहिले. एका छताखाली स्मरण केल्या जाणाऱ्या दोन लेखकांमध्ये एवढा मूलगामी मतभेद आहे. तो दडवला तर स्मारक सौहार्दाचे दिसते; मांडला तर ते विचाराचे होते. ‘तुलसी दर्शन’ आणि हा निबंध शेजारी ठेवून वाचण्याचा एक कार्यक्रम तिघांच्या संयुक्त गौरवाच्या अनेक कार्यक्रमांहून अधिक काही सांगू शकेल.

याच निबंधात मुक्तिबोध हिंदी प्रदेशाबाहेर, महाराष्ट्राकडे पाहतात, हे तौलनिक अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटेल. उत्तरेतील भक्तीचे विवेचन करताना मराठी संतपरंपरेचा आधार घेणे ही त्यांच्या दृष्टीने विद्वत्तेची हौस नव्हती. तो त्यांच्या घरचा ठेवा होता.

३.

मुक्तिबोधांचे कुटुंब मराठी. मूळचे जळगाव परिसरातील, ग्वाल्हेर संस्थानात स्थिरावलेले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठी नवकवितेतील महत्त्वाचे कवी, ‘नवी मळवाट’ व ‘यात्रिक’ या संग्रहांचे आणि ‘क्षिप्रा’ या कादंबरीचे कर्ते; ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या समीक्षाग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाच घरातील दोन भाऊ, दोघेही मार्क्सवादाशी संवाद करणारे, दोघेही सौंदर्य व समाज यांच्या नात्याचा शोध घेणारे. एक हिंदीत लिहितो, दुसरा मराठीत. भारतीय तौलनिक साहित्याला याहून सुस्पष्ट अभ्यासविषय क्वचितच मिळेल. तरीही तीन हिंदी साहित्यिकांचे स्मारक ही रचना एकदा स्वीकारली की या द्वैभाषिकतेला जागा उरत नाही. प्रयागच्या त्रिवेणीत एक नदी अदृश्य मानली जाते. राजनांदगावच्या त्रिवेणीत तिन्ही प्रवाह दिसतात. अदृश्य राहते ती मराठी.

हे वैयक्तिक चरित्रापुरते नाही. छत्तीसगढवर अठराव्या शतकापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. रायपूर ज्यांची कर्मभूमी झाली ते माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी घरातील. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. सप्रे अनुवादातून जे करतात ते मुक्तिबोध सर्जनातून करतात, असे म्हणता येईल. दोघांनाही केवळ हिंदीसेवक म्हणून गौरविले की त्यांच्या कार्याचा निम्मा अर्थ गळून पडतो. दोष एकट्या हिंदीचाही नाही. मराठी वाङ्मयेतिहास सप्र्यांना हिंदीच्या हवाली करून मोकळा झाला, आणि गजाननरावांची ओळख शरच्चंद्रांच्या परिचयातील एका वाक्यापुरती उरली.

४.

घर आणि कविता यांचे नातेही तपासून पाहिले पाहिजे. स्मारकाला भेट देणाऱ्यांच्या वर्णनांत तलाव आणि वळणदार जिना हटकून येतात. ओसाड बावडीतील ‘ब्रह्मराक्षस’ आणि ‘अंधेरे में’मधील काळोख यांचे मूळ या वास्तूत शोधण्याचा मोह होतो. कालक्रम मात्र वेगळे सांगतो. ‘ब्रह्मराक्षस’ राजनांदगावपूर्वीची कविता आहे. ‘अंधेरे में’चा रचनाकाल १९५७ ते १९६२ असा मानला जातो, म्हणजे तिचा आरंभ नागपुरात झाला. ‘नया खून’ साप्ताहिकाचे, आकाशवाणीचे, कामगार वस्त्यांचे ते नागपूर. तेथील दशकभराचा अनुभव घेऊनच कवी राजवाड्यात आला. या घरात कविता जन्मली म्हणण्यापेक्षा या घरात ती पुनःपुन्हा लिहिली गेली, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. मालगुंडचे केशवसुत स्मारक जन्मघराभोवती आहे, त्यामुळे तेथे उगमाची भाषा शोभते. इंग्लंडमधील वर्ड्‌स्वर्थचे डव्ह कॉटेज १८९१ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि तेथे परिसर व कविता यांचा संबंध खुद्द कवीनेच जोडून दिलेला आहे. राजनांदगावचे घर या दोन्ही प्रकारांत बसत नाही. ते हस्तलिखितांचे घर आहे. कवीचा पहिला संग्रह ‘चाँद का मुँह टेढा है’ प्रसिद्ध झाला तो १९६४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. तरुण विनोदकुमार शुक्ल यांनी आपल्या आरंभीच्या कविता राजनांदगावीच मुक्तिबोधांना दाखवल्या होत्या. अपुरे लेखन, त्याची दुरुस्ती आणि त्यावरील चर्चा हा या घराचा खरा धर्म होता.

५.

मुक्तिबोधांच्या स्मरणात एक अडचण त्यांच्या कवितेनेच निर्माण करून ठेवली आहे. ‘अंधेरे में’मधील मध्यरात्रीच्या मिरवणुकीत सैन्याबरोबर मंत्री, उद्योगपती, विद्वान, समीक्षक आणि कवीही चालताना दिसतात, आणि त्यांच्यासोबत शहरातला कुख्यात गुंडही असतो. प्रतिष्ठितांची रांग पाहताच भयभीत होणाऱ्या कवीचे स्मरण प्रतिष्ठितांच्या व्यासपीठावरून कसे करायचे? शिवाय १९६२ साली, ते याच गावी अध्यापन करीत असताना, ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली होती. २००० साली त्याच राज्यातून छत्तीसगढ निर्माण झाले. शासनाने लेखकाचे स्मारक करावे यात गैर काही नाही. किंबहुना ते विलंबाने केलेले परिमार्जन मानता येईल. परंतु बंदी आलेले पुस्तक जोवर त्या वास्तूत चर्चिले जात नाही, तोवर परिमार्जन अपुरेच राहील. पुष्पहाराने प्रतिमा झाकली जाते. प्रश्न झाकला जाऊ नये.

रायपूरमध्ये इप्टाने मुक्तिबोधांच्या नावाने नाट्यमहोत्सवाची परंपरा चालवली, ही या संदर्भात सूचक बाब आहे. नाट्यप्रयोगात लेखकाच्या नावाखाली नवी संहिता, नवा वाद उभा राहू शकतो. घराला ही मोकळीक सहसा मिळत नाही, कारण तेथे वस्तू बोलतात आणि माणसे ऐकतात. म्हणून घरातील कार्यक्रमांनी वस्तूंकडून संहितांकडे वळणे आवश्यक ठरते. दोघा बंधूंच्या कवितांचे मराठी-हिंदी सहवाचन, भक्तिविषयक निबंधावर तुलसीच्या आणि तुकारामाच्या अभ्यासकांची समोरासमोर चर्चा, ‘अंधेरे में’च्या वाचनात नागपूरचा समावेश, बंदीच्या इतिहासाचे दस्तऐवजी दर्शन : यांपैकी कशालाही नवी इमारत लागत नाही. लागतो तो लेखकाला एकाच भाषेच्या आणि एकाच राज्याच्या मालकीचा न मानण्याचा निर्णय. तो घेतला गेला तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ गौरवापुरता न उरता अभ्यासाचा होईल, आणि मराठीला आपलाच एक कवी नव्याने वाचावा लागेल.