वाढ म्हणजे उत्पादन नव्हे

समुद्री जिवाणूंपासून प्रतिजैविके मिळवण्याविषयीच्या लेखांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत एक ठरावीक मांडणी आढळते. पोषक माध्यमातील शर्करा बदलून पाहायची, मग नायट्रोजनचा स्रोत बदलायचा आणि ज्यात जिवाणू भरघोस वाढले ते माध्यम ‘सर्वोत्तम’ ठरवायचे. या निष्कर्षाला आमचा आक्षेप आहे.

युरिया जास्त झाला की कपाशी माजते, पण बोंडे कमी धरतात, हे खापर परिसरातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सूक्ष्मजीवांचेही काहीसे असेच आहे. ग्लुकोज मुबलक असताना अनेक सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात, पण त्याच काळात प्रतिजैविक बनवणारी यंत्रणा दबलेली राहते. 1941 नंतर अमेरिकेत पिओरिया येथे पेनिसिलिनच्या बुरशीला मका भिजवलेले पाणी आणि सावकाश वापरली जाणारी दुग्धशर्करा दिली, तेव्हा उत्पादन कित्येक पटींनी वाढले.

समुद्रातले उदाहरण अधिक बोलके आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधील तिरुमलाचार यांनी 1955 साली जिवाणूंच्या एका प्रजातीचे वर्णन केले आणि अर्न्स्ट चेन यांच्यावरून तिला ‘चेनिया’ हे नाव दिले. पुढे 1975 साली जपानी संशोधकांनी सागामी उपसागराच्या चिखलातून याच प्रजातीचा एक जिवाणू वेगळा केला. त्याचे प्रतिजैविक नेहमीच्या माध्यमांत मिळाले नाही. समुद्रशैवालाची पूड घातलेल्या माध्यमात मिळाले. केवळ वाढ मोजली असती, तर ते हातचे निसटले असते. समुद्राच्या पाण्यातील क्षारही कमी महत्त्वाचे नाहीत. 1966 साली बर्कहोल्डर व सहकाऱ्यांना समुद्री जिवाणूत सापडलेल्या प्रतिजैविकाच्या रेणूत ब्रोमीनचे पाच अणू आहेत!

दुसरा आक्षेप मोजमापाचा. बशीतले प्रतिबंधक वलय मोठे दिसले म्हणजे प्रतिजैविक जास्त, असे नाही. शर्करेपासून बनलेल्या आम्लानेही वलय पडते. तेवढेच आम्लयुक्त, पण जिवाणूविरहित माध्यम तुलनेला ठेवले नसेल, तर त्या वलयातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय एका वेळी एकच घटक बदलला, तर शर्करा आणि नायट्रोजन यांचा परस्परांवरील परिणाम नजरेआड होतो.

असे प्रयोग शाळेत करू नयेत. वाढवलेले अनोळखी जिवाणू घातक असू शकतात. पण छापील तक्ता फळ्यावर मांडून शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत : वाढ आणि उत्पादन वेगवेगळे मोजले आहे काय? तुलनेला काय ठेवले होते? घटक एकत्र बदलून पाहिले काय? उत्तरे मिळाली नाहीत, तर ‘सर्वोत्तम’ हा शब्द विद्यार्थ्यांनाच खोडू द्यावा.