साक्षीदाराचे छायाचित्र

मृग नक्षत्राच्या आधीच्या पंधरवड्यात अहिल्यानगर–बीड रस्त्यावरील कड्याच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला, की कृषी सेवा केंद्रांच्या दारी एक हंगामी वाङ्मय अवतरलेले दिसते. कापसाच्या बियाण्याची ही गुळगुळीत पत्रके कोणी समीक्षेसाठी हाती घेत नाही. तथापि आष्टी तालुक्यातील जिरायतदार वर्षभरात जे काही वाचतो, त्यात इतक्या एकाग्रतेने वाचलेला मजकूर दुसरा क्वचितच असेल. तेव्हा त्याची रचना पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

साचा बहुधा ठरलेला असतो. फुललेल्या कापसात उभा असलेला एक शेतकरी, डोक्याला फेटा वा टोपी, शेजारी पत्नी. खाली त्याचे नाव, गाव आणि एकरी उताऱ्याचे क्विंटल. ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली आहेत: वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद. पत्रकात ती तिन्ही हजर असतात. गाव-नावामुळे विश्वास बसतो, सुखी दांपत्य पाहून मन ओलावते आणि क्विंटलचा आकडा युक्तिवादाचा वेष घेऊन उभा राहतो. वेष म्हणण्याचे कारण असे, की ती जमीन बागायती की जिरायती, त्या साली पाऊस किती झाला, खतावर व फवारणीवर खर्च काय आला, यांविषयी एक अक्षरही नसते. पर्जन्यछायेतील या मुलखात ज्या प्रश्नावर पीक तरते वा बुडते, नेमका तोच आकड्यातून वगळलेला असतो. आकडा कदाचित खराही असेल. खऱ्या आकड्याने दिशाभूल करता येते, ही या वाङ्मयाची खरी किमया.

येथे १९८०च्या दशकातील सर्फच्या ललिताजींची आठवण होते. अलीक पदमसी यांनी घडविलेली आणि कविता चौधरी यांनी साकारलेली ही गृहिणी स्वस्त माल आणि चांगला माल यांतील भेद हिशेब मांडून सांगत असे. निरमाच्या स्वस्ताईला दिलेले ते व्यापारी उत्तर होते, त्यात निःस्वार्थ असे काही नव्हते. तरी तिने श्रोत्याला विचार करणारा माणूस मानले होते. शिवाय तिचे म्हणणे चुकले, तर नुकसान एका पुड्याचे. बियाण्याची पिशवी चुकली, तर वर्ष जाते, आणि उसनवारी फेडायला ऊसतोडीच्या टोळीत नाव घालावे लागते. अलंकार तेच, पण ऐकणाऱ्याने पणाला लावलेली वस्तू निराळी.

भारतात बीटी कापसास २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते वाण नवे असतानाच्या काळात त्याच्या जाहिरातीत नाना पाटेकर यांचा चेहरा होता. 'प्रहार' (१९९१) आणि 'क्रांतिवीर' (१९९४) पाहिलेल्या प्रेक्षकाला हा माणूस ठणकावून खरे बोलणारा वाटत आला होता. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये मकरंद अनासपुरे यांच्यासह 'नाम फाउंडेशन' स्थापून ते दुष्काळग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी उभे राहिले. प्रश्न त्या जाहिरातीच्या युक्तीचा आहे. ॲरिस्टॉटलच्या मते वक्त्यावरचा विश्वास त्याच्या भाषणातूनच निर्माण व्हावा, आधीच्या लौकिकातून नव्हे. जाहिरात याच्या उलट वागते: पडद्यावर कमावलेला विश्वास ती भाड्याने घेते. बोंडअळीविषयीचे पडद्यावरच्या नायकाचे ज्ञान काय, हे विचारण्याची सवडच श्रोत्याला मिळत नाही. पुढे २०१७च्या हंगामात बीटी कापसावरही गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर थैमान घातले.

शब्दांच्या या व्यापाराची लाज वाटलेला एक थोर माणूस आपल्या परंपरेत आहे. संत ऑगस्टीन ३८४ पासून मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्र शिकवीत होते. सम्राटाच्या स्तुतीपर असत्य भाषण करायचे आणि ते असत्य आहे हे जाणणाऱ्यांकडूनच वाहवा मिळवायची, या विवंचनेत असताना वाटेत दिसलेला एक मद्यधुंद भिकारी त्यांना आपल्यापेक्षा सुखी वाटला, हे त्यांनी 'कबुलीजबाबा'त नमूद केले आहे. ३८६ मध्ये त्यांनी तो पेशा सोडला. मात्र वक्तृत्व त्याज्य ठरविले नाही. असत्याकडे धारदार शस्त्रे असताना सत्याने निःशस्त्र का राहावे, असाच त्यांचा उत्तरायुष्यातील विचार होता. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २२ फेब्रुवारी १९९७ रोजी जाहिरातींच्या नीतीविषयी प्रसिद्ध केलेला दस्तऐवजही जाहिरातीला सरसकट दोषी धरीत नाही. सत्य, मानवी प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी एवढ्या तीन कसोट्या लावतो.

माझा आक्षेप 'साक्ष' या शब्दाच्या वापराला आहे. रक्तसाक्षी या शब्दातून आपण जाणतो, की साक्षीदार साक्षीची किंमत स्वतः मोजतो. न्यायालयातील साक्षीदारालाही निदान उलटतपासणीस सामोरे जावे लागते. पत्रकावरील शेतकरी मात्र प्रश्नांच्या पलीकडे, कायम त्याच फुललेल्या रानात उभा असतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस, आणि पुरेशी शहानिशा न करता तिची शिफारस करणाऱ्यासही, १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, हे चांगले झाले; पण न सांगितलेल्या पावसाला त्या कलमात कसे बसविणार?

कड्याच्या एका दुकानात वयोवृद्ध शेतकऱ्याने असेच एक पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मालक, याच्या रानात हीर हाय का?" दुकानदार हसला, त्याच्याजवळ उत्तर नव्हते. म्हाताऱ्याने पत्रकाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि दोन पिशव्या उधारीवर मांडायला सांगितल्या.