नावाची जोडणी आणि कायद्याची पकड : एका भ्रामक युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तुत टिपणाचा विषय प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. जन्मदाखल्यावर किंवा बँकेच्या कागदावर आपले नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापलेले असते. ते नाव म्हणजे आपण नव्हे. ती शासनाने कागदावर निर्माण केलेली एक कृत्रिम व्यक्ती आहे. कर, दंड, कर्जवसुली आणि न्यायालयाचे समन्स त्या कागदी व्यक्तीला लागू होतात. हाडामांसाच्या माणसाने आपले नाव लहान अक्षरांत लिहिले की तो कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. असा हा सिद्धांत आहे. अमेरिकेतील कर नाकारणाऱ्या आणि सरकार न मानणाऱ्या गटांतून 1970 नंतरच्या काळात तो आकाराला आला व पुढे कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. मोबाइलवरील चित्रफितींना सरहद्द नसते. गोविंदपुऱ्यातील वर्गात एखादा विद्यार्थी "सर, हे खरे आहे का?" असे विचारतो तेव्हा हसून वेळ मारून नेणे अध्यापकाला शोभत नाही.

कायद्याच्या अंगाने याचे उत्तर दिले गेले आहे. कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे न्यायमूर्ती जॉन रूक यांनी 2012 साली एका घटस्फोटाच्या प्रकरणात असे सर्व युक्तिवाद तपासून शंभराहून अधिक पृष्ठांचा निकाल दिला. हे युक्तिवाद टिकत नाहीत, आणि ते पुस्तके व शिबिरांतून विकणारे 'गुरू' पैसा कमावतात, तर दंड भरतो तो शिष्य, हे त्यांनी स्वच्छ मांडले. कायद्यापुरता प्रश्न तेथे मिटतो. भाषेच्या शिक्षकाला मात्र त्यात आणखी काही दिसते.

पहिली गोष्ट लिपीची. नागरी लिपीत कॅपिटल अक्षर नाही. उर्दूच्या नस्तालीकमध्ये अक्षराचे रूप शब्दातील जागेनुसार बदलते, पण मोठे-लहान असा भेद तेथेही नाही. मग ज्याचा जन्मदाखला हिंदीत आहे, निकाहनामा उर्दूत आहे आणि शाळेचा दाखला मराठीत आहे, त्याची ती कागदी व्यक्ती कोठे राहते? जो सिद्धांत रोमन लिपीच्या एका छपाईच्या सवयीवर उभा आहे, तो मानवाच्या नैसर्गिक हक्कांचा सिद्धांत कसा असेल? अमेरिकेतील डेव्हिड विन मिलर या गृहस्थांनी तर नावात अपूर्णविराम आणि संयोगचिन्हे घालण्याचे एक स्वतंत्र व्याकरणच रचले होते. त्यांच्या अनुयायांची निवेदने वाचली की ताबीजाची आठवण होते. अर्थ कळला नाही तरी चालतो, रेघ चुकता कामा नये.

दुसरी गोष्ट आपल्या वाचकांना अधिक लागणारी आहे. याच विचाराची एक शाखा स्वतःला 'मूर' म्हणवते. नावाला 'एल' किंवा 'बे' जोडले आणि मोरोक्कोबरोबरच्या 1786 च्या तहाचा दाखला दिला की अमेरिकेचा कायदा लागू होत नाही, असे तिचे म्हणणे. जुलै 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेकफिल्डजवळ अशा एका सशस्त्र गटाने महामार्गावर पोलिसांना कित्येक तास अडवून धरले आणि अकरा जणांना अटक झाली. 'बे' ही तुर्की पदवी, 'एल' हे वळण अरबी-इब्रानी वाटणारे. त्यामुळे ऐकणारा हे सारे मुसलमानांच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. वस्तुतः नोबल ड्रू अली यांच्या ज्या मूरिश सायन्स टेम्पलमधून ही नावे आली, त्या संस्थेची घटनाच सभासदांनी सरकारचे कायदे पाळावेत असे सांगते. शिष्यांनी नाव घेतले, अट सोडली.

आपल्याकडे कॅपिटल अक्षरांचा खेळ नाही, पण त्याचे जवळचे नातेवाईक आहेत. नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातच्या तापी जिल्ह्यातील कटासवाण हे सती-पती पंथाचे केंद्र. 'ए.सी. भारत सरकार' या नावाने हे अनुयायी स्वतःला देशाचे मूळ मालक मानतात. मतदार ओळखपत्र, आधार, रेशनकार्ड त्यांना नको असते. 2017-18 साली झारखंडच्या खुंटी भागातील पत्थलगडी आंदोलनातही या विचाराची छाया दिसली. तेथे दगडांवर कोरलेल्या मजकुराला सर्वोच्च न्यायालयाच्या 5 जानेवारी 2011 च्या निकालाचा आधार दिला जात असे. तो निकाल महाराष्ट्रातीलच आहे, 'कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. एका भिल्ल स्त्रीची विटंबना करणाऱ्यांची शिक्षा न्यायालयाने त्यात कायम ठेवली आणि ओघात आदिवासी हे देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज असल्याचे म्हटले. कायदा एका आदिवासी स्त्रीच्या पाठीशी उभा राहिला, हा त्या निकालाचा गाभा. वाचणाऱ्यांनी त्यातून कायदा आपल्याला लागू नाही असे काढले. पाचवी अनुसूची आणि 1996 चा पेसा कायदा कागदावरच राहिल्याची त्यांची तक्रार खोटी नाही. खऱ्या तक्रारीला खोटे औषध मिळाले, एवढेच म्हणावे लागेल.

कायद्यापासून सूट मुळीच नसते काय? असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 361 नुसार राष्ट्रपती व राज्यपाल यांना पदावर असेपर्यंत काही संरक्षण आहे. परदेशी राजदूतांना 1972 च्या कायद्याने आहे. पण ती सूट पदाला चिकटलेली असते आणि पद गेले की जाते. भोपाळकरांना हे वेगळे सांगायला नको. संस्थान 1 जून 1949 रोजी भारत सरकारच्या ताब्यात आले, 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले. नवाबी घराण्याची नावे तीच राहिली, विशेष हक्क उरले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. अक्षर बदलले की माणूस बदलतो, हे या सिद्धांताचे मूळ गृहीतक आहे. हेच गृहीतक खिडकीपलीकडच्या अडेलतट्टू कारकुनाचेही असते, आणि त्याची किंमत आपले विद्यार्थी मोजतात. एकच 'मुहम्मद' दहावीच्या गुणपत्रिकेत एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, बँकेत 'मोहम्मद' आणि मतदार यादीत नुसते 'मो.' असा असतो. शेख, शैख, शेक यांची कथा वेगळी नाही. मुलगी सासरी गेली की 'बी', 'बानो', 'खातून' यांची अदलाबदल होते. शिष्यवृत्ती अडते, पासपोर्ट अडतो. नोव्हेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली तेव्हा घरोघरी 2003 च्या यादीत वडिलांचे नाव शोधण्याची धावपळ झाली, ती आपण पाहिली आहे.

कायदा या ठिकाणी कारकुनाच्या बाजूचा नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 33(4) चे परंतुक सांगते की उमेदवाराच्या नावातील चूक किंवा छपाईदोष, त्याची ओळख पटण्यासारखी असल्यास, नामनिर्देशनाला बाधक ठरत नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या नलबारी जिल्ह्यातील एका मुस्लिम नागरिकाला परदेशी ठरवणारा आदेश रद्द केला. नावांच्या स्पेलिंगमधील फरक देशभर आढळतात आणि तेवढ्यावरून नागरिकत्व नाकारता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल लागला तेव्हा तो माणूस हयात नव्हता, असे वृत्तपत्रांनी नोंदवले. यावर भाष्याची गरज नाही.

आपल्या विद्यापरंपरेत तर हा प्रश्न फार पूर्वी सुटला होता. हदीसच्या निवेदकांची छाननी करणाऱ्या 'अस्मा-उर्-रिजाल' या शास्त्रात एकच निवेदक कोठे नावाने, कोठे कुन्यतने, कोठे गावाच्या निस्बतीने येतो. बगदादचे खतीब (मृत्यू 1071) यांनी एका माणसाला दोन आणि दोन माणसांना एक समजण्याच्या चुकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोण कोणाचा शिष्य, कोठे राहिला, कधी वारला, या पुराव्यांवरून ते ओळख ठरवतात. केवळ अक्षरांवर निर्णय देत नाहीत. आधुनिक न्यायालयाची रीतही याहून वेगळी नाही.

गोविंदपुऱ्याचे दीर्घकाळ आमदार आणि 2004-05 मधील मुख्यमंत्री बाबूलाल गौर यांचे मूळ नाव बाबूराम यादव. शाळेत ते बदलले, ही गोष्ट येथे सर्वश्रुत आहे. नाव बदलले म्हणून त्यांना कोणी दुसरी व्यक्ती मानले नाही, आणि कोणत्या कायद्यातून ते सुटलेही नाहीत.

तेव्हा वर्गात हा विषय निघालाच तर रूक यांच्या निकालावर थांबू नये. विद्यार्थ्यांना आपापले सर्व दाखले एका बाकावर मांडायला सांगावे आणि नावातील फरक त्यांच्याकडूनच लिहून घ्यावेत. फरक किरकोळ असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे शपथपत्र, आणि नाव खरोखर बदलायचे असेल तर शपथपत्र, वृत्तपत्रातील जाहिरात व राजपत्रातील प्रसिद्धी, हा मार्ग त्यांना दाखवावा. गुणपत्रिकेतील दुरुस्ती मंडळाकडे वेळेत मागावी लागते. हे काम प्रवेशाच्या दिवसांत नव्हे, पहिल्या सत्रातच करून घेतलेले बरे.